दुसरा पडदा: तत्त्वतः मान्य

आइंडहोवन, नेदरलँड्स
रविवार, १ जून २०२५

तीर्थरूप आई आणि आबा यांस,
मेघाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी पेरूच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या उंदरांनी कशा कुरतडल्या ते आबा व्हिडिओ कॉलवर सांगत होते आणि वाक्य अर्ध्यात असतानाच कॉल कट झाला. आम्ही लगेच परत लावला. पण तेव्हापासून फोन आईच उचलतात, "हे मळ्यात गेलेत" म्हणतात आणि मागून मळ्याला खोकला येतो.

आबा, तुमचं बोलणं कुणी मुद्दाम तोडलं नाही. दोष ऋचाच्या माउसचा आहे, आणि तोही पुरता दोषी नाही. हे प्रकरण फोनवर सांगायला घेतलं आणि मध्येच पुन्हा कॉल तुटला, तर आपल्या घराण्यात कायमची फूट पडेल. म्हणून कागद घेतला. तुमच्या गावच्या चांगदेव महाराजांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायना 'चिरंजीव' घालावा की 'तीर्थरूप' या पेचात कागद कोराच धाडला. मला तो पेच नाही. सुनेने मायना काय लिहावा हे माझ्या आजीने लग्नाआधीच घोकून घेतलं होतं. तेव्हा कागद भरून पाठवते. उत्तर पासष्ट ओव्यांत नको, "बरं" एवढं पुरे.

तर ऋचाच्या टेबलावर आता दोन मॉनिटर आहेत. कॉलवर तुम्ही "दोन-दोन टीव्ही कशाला?" असं विचारलं होतं ते हेच. ते टीव्ही नाहीत आणि दोन असण्यामागे तुमचाच हात आहे. आज १ जून. आठ वर्षांपूर्वी याच तारखेला तुमच्या पुणतांब्याने शेतकऱ्यांचा संप सुरू केला. ग्रामसभेत ठराव झाला, दूध-भाजी शहराकडे जायची थांबली आणि त्याच महिन्यात सरकारला ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. सोबत 'तत्त्वतः', 'सरसकट' आणि 'निकष' हे तीन शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत कायमचे मुक्कामाला आले. ऋचा तेव्हा पाच वर्षांची होती. पण दर सुट्टीत ओट्यावर बसून तुम्ही तिला तो संप इतका रंगवून सांगितलात की पोरीने त्यातून बरोबर हवं तेवढंच उचललं.

मार्चमध्ये तिने फ्रिजवर ठराव चिकटवला. मागणी एकच: वाढदिवसाला मिळालेल्या मॉनिटरच्या शेजारी अगदी तसाच दुसरा हवा. खेळ एकावर चालेल, दुसऱ्यावर अभ्यास, मैत्रिणी आणि "आजी-आबांचा कॉल". शेवटचं कलम आमचं तोंड बंद करण्यासाठी घातलं होतं. मागणी मान्य होईपर्यंत भांड्यांचं मशिन रिकामं करणं आणि कचरा बाहेर नेणं बंद. इथे ओला कचरा वेगळा, कागद वेगळा, प्लास्टिक वेगळं, आणि प्रत्येकाचा उचलायचा वारही वेगळा. ही पुरवठा साखळी तुटली की घराचं काय होतं ते संपात शहरवाल्यांना कळलं होतं, तसं आम्हालाही कळलं. शेवटी तुमच्या चिरंजीवांनी स्वयंपाकघरात उभं राहून घोषणा केली: मागणी तत्त्वतः मान्य, सरसकट नाही. निकष असे की दुसरा मॉनिटर जुना असावा, चालू असावा आणि वीस युरोंच्या आत मिळावा.

हा स्वभाव कुठून आला ते मी लिहायला नको. आबांचा फिलिप्सचा रेडिओ गेली कित्येक वर्षं फक्त खरखरतो, तरी देवळीतून हललेला नाही. आणि नशीब असं की आम्ही राहायला आलो ते नेमके फिलिप्सच्याच गावात. ही कंपनी १८९१ साली याच आइंडहोवनमध्ये विजेचे दिवे बनवत सुरू झाली. हे रोज सायकलवरून जाताना जुन्या कारखान्याच्या इमारतींकडे अशा नजरेने बघतात, की आत आबांच्या रेडिओचा सुटा भाग नक्की सापडेल.

निकषांत बसणारा मॉनिटर मिळाला राजाच्या वाढदिवसाला. इथल्या राजाचा वाढदिवस २७ एप्रिलला असतो. यंदा त्या दिवशी रविवार आला म्हणून एक दिवस आधी, शनिवारीच साजरा झाला. त्या दिवशी सगळा देश नारिंगी कपडे घालतो आणि घरातलं नको झालेलं सामान रस्त्यावर चादर पसरून विकायला काढतो. विकणारी बहुतेक शाळकरी पोरं. यांनी शिर्डीहून आणलेलं भगवं उपरणं गळ्यात टाकलं, त्यामुळे देशभक्तीत आम्ही कुठेच कमी पडलो नाही. एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या चादरीवर चोवीस इंची मॉनिटर होता, किंमत पंधरा युरो. तुमच्या चिरंजीवांनी कोपरगावच्या बाजारात शिकलेली सगळी विद्या बाहेर काढली. उचलून पाहिला, नाक मुरडलं, "राहू दे" म्हणून चार पावलं पुढे गेले, मागे वळून पाहिलं. पोरगं शांतपणे पाव खात राहिलं. शेवटी पंधराच मोजले. तेव्हा त्याने पाव खाली ठेवून सांगितलं, वायरचे दोन युरो वेगळे.

आता या दोघांची ओळख करून देते. नवा सत्तावीस इंची. त्याच्यावर आडवे २५६० आणि उभे १४४० असे ठिपके, म्हणजे जवळजवळ ३७ लाख. चित्र तो सेकंदाला १६५ वेळा बदलू शकतो. राजाकृपेने आलेला चोवीस इंची, आडवे १९२०, उभे १०८०, ठिपके वीस लाखांच्या थोडे वर, आणि सेकंदाला ६० वेळा. एवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र एका पानाचं झालं असतं.

पहिली अडचण पिनची. संगणकात खेळाची चित्रं काढणारं एक वेगळं कार्ड असतं. त्याला नव्या तऱ्हेची दोन प्रकारची भोकं: डिस्प्ले पोर्ट आणि एचडीएमआय. जुन्या मॉनिटरला त्यांतलं एकही नाही. त्याच्याकडे डीव्हीआय आणि ती दोन्हीकडून स्क्रू पिळायची निळी पिन, जी आबांनी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर पाहिली असेल. निळ्या पिनचं जुन्या धाटणीचं चित्र नव्या कार्डाला समजवायचं तर मध्ये यंत्र बसवावं लागतं. डीव्हीआयला मात्र स्वस्तातली जोडपिन चालते. ती आणली. तुमच्या चिरंजीवांनी टेबलाखाली शिरून, कंबर धरून, दोन्ही वायरी खोचल्या आणि बटण दाबलं. दोन्ही पडदे कोरे.

पाठीमागे भोकं दोन जागी असतात, आबा. काही कार्डावर, काही संगणकाच्या मुख्य पाटीवर, आणि दिसायला सगळी सारखी. यांनी दोन्ही वायरी पाटीवर खोचल्या होत्या. ऋचाने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं कॉम्प्युटरच्या कंपनीत काढून तुम्ही कोरेच!" चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांचं पत्र बघून चिमुरडी मुक्ताई हेच म्हणाल्याचं सांगतात ना? पुढे चांगदेवांनी मुक्ताईलाच गुरू केलं. आमच्याकडेही त्या दिवसापासून तीच प्रथा आहे.

गुरूंनी वायरी बदलल्या, पडदे उजळले. मग त्यांनी आणखी एक गंमत दाखवली. १६५ चा मॉनिटर आणला म्हणून तो आपोआप १६५ ने चालत नाही. संगणक त्याला बऱ्याचदा मुकाट ६० वर ठेवतो. सेटिंगमध्ये आत, आणखी आत जाऊन आकडा हाताने बदलावा लागतो. वाढदिवसापासून हा महागाचा मॉनिटर साठावरच चालला होता. हे ऐकून तुमचे चिरंजीव मिनिटभर खुर्चीत बसले. पैसे भरलेत आणि माल वापरला नाही, यापेक्षा मोठं दुःख तुमच्या घराण्यात नाही.

मग उंबरा. दोन्ही पडदे शेजारी ठेवले की माउसचा बाण एकातून दुसऱ्यात जातो. पण एकाची उंची १४४० ठिपके, दुसऱ्याची १०८०. त्यामुळे मोठ्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेला बाण पलीकडे जाऊच शकत नाही. तिथे पडदा नाही, भिंत आहे. बाण अडकतो, यांचं मनगट जोरात हलतं, चहा सांडतो. सेटिंगमध्ये १ आणि २ अशा दोन चौकटी दिसतात, त्या बोटाने सरकवून टेबलावर जसे मॉनिटर आहेत तशा ठेवायच्या. खालची कड जुळवली तर वर उंबरा, वरची जुळवली तर खाली. हे मध्यावर जुळवून दोन्हीकडे थोडा-थोडा उंबरा ठेवायचे. नगर जिल्ह्याचं राजकारण बघत मोठं झाल्याचा परिणाम.

आई, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. लहान पडद्यावर अक्षर मोठं दिसतं! मोठ्याचे ठिपके दाट, इंचाला सुमारे १०९. लहानाचे विरळ, इंचाला ९२ च्या आसपास. तेवढ्याच ठिपक्यांत लिहिलेलं अक्षर विरळ पडद्यावर जास्त जागा खातं. तुमचे मेसेज मी आता तिथेच वाचते, चष्मा शोधावा लागत नाही.

आता पैठणीचा प्रश्न, आणि इथे मला तुमचा निकाल हवा आहे. येवल्याला घेतलेल्या पैठणीचा फोटो तुम्ही पाठवलात. मोठ्या पडद्यावर ती मोरपिशी दिसते, लहानावर पोपटी. हे म्हणतात लहानाचा पांढरा रंगच पिवळट आहे, त्यामुळे निळं मरतं. मग ते संध्याकाळभर त्याची बटणं दाबत बसले. लाल कमी, निळा जास्त, उजेड कमी. मधल्या एका टप्प्यावर पैठणी चक्क जांभळी झाली आणि पदरावरचे मोर कावळे दिसायला लागले. दोन वेगळ्या बनावटीच्या पडद्यांवर एक रंग हुबेहूब आणणं जवळजवळ अशक्य असतं, हे गुरूंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण यांचं म्हणणं, खरा रंग कळला तर निदान एक पडदा तरी खरा ठरेल. तेव्हा पैठणी अंगणात, सकाळच्या उन्हात धरून सांगा: मोरपिशी की पोपटी? आणि पदर कसा आहे ते तेवढ्यात नीट सांगा, ते मला माझ्यासाठी हवंय.

यापुढचा भाग आबांच्या रेल्वे खात्यातला आहे. ऋचा एक खेळ खेळते, त्यात मोटारी फुटबॉल खेळतात. का, ते विचारू नका. चेंडू इतका वेगात येतो की सेकंदाला ६० चित्रं आणि १६५ चित्रं यांत डोळ्याला फरक कळतो. ६० मध्ये एक चित्र सोळा-सतरा मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १६५ मध्ये जेमतेम सहा. पण दोन वेगांचे पडदे एका संगणकाला जोडले की एक जुनं दुखणं वर येतं. आबा, लाइन एकेरी असताना चितळीकडून रखडत येणारी पॅसेंजर लागेपर्यंत मनमाडकडून आलेली एक्स्प्रेस तुमच्या फलाटावर क्रॉसिंगला उभी असायची ना? तसंच. लहान पडद्यावर एखादा व्हिडिओ चालू असला की पूर्वी विंडोज दोघांचं वेळापत्रक एकत्र चालवायचं. साठवाल्याची गाडी लागेपर्यंत वेगवाल्याला थांबावं लागे, आणि खेळ मध्येच अडखळे. मे २०२० च्या आवृत्तीपासून प्रत्येक पडद्याला आपापली लाइन मिळाली आणि ते दुखणं बरंचसं गेलं. तरी तुमच्या चिरंजीवांनी स्टेशनातल्या माणसाचा मुलगा या नात्याने खबरदारी म्हणून मोठ्या पडद्याचा वेग १२० वर ठेवला. कारण काय, तर १२० ला ६० ने पूर्ण भाग जातो, १६५ ला जात नाही. "बाकी उरली की अपघात होतो," म्हणाले. गुरूंनी डोळे फिरवले आणि हे झोपल्यावर परत १६५ केलं. फरक यांना अजून कळलेला नाही, कृपया कळवूही नये.

आता तुमचा कॉल. बाप-लेक मिळून एक जुना खेळ खेळतात, एज ऑफ एम्पायर्स. हे पुण्याला हॉस्टेलवर असताना परीक्षेच्या आदल्या रात्री हाच खेळायचे. तुम्हाला तेव्हा "सबमिशन" म्हणून सांगितलं होतं. त्यात गावं वसवायची, शेती करायची, सैन्य उभं करायचं. शेत पिकून संपलं की लाकडं मोजून पुन्हा पेरावं लागतं. हमीभावाची सोय त्यातही नाही. नकाशा सरकवायचा तर बाण पडद्याच्या कडेला न्यायचा. एकच पडदा असला की बाण कडेला थांबतो आणि नकाशा सरकतो. डावीकडे दुसरा पडदा असला की तो कडेला थांबत नाही, सरळ पलीकडे जातो. पलीकडे आबा होते, उंदरांविषयी बोलत. ऋचाने हत्तींना हल्ल्याचा हुकूम देण्यासाठी टिचकी मारली आणि ती तुमच्या कॉलच्या लाल बटणावर बसली. हत्ती जागचे हलले नाहीत, आबा गेले.

यावर आता तिहेरी बंदोबस्त केला आहे. एक, खेळ चालू असेपर्यंत बाणाला त्याच पडद्यात कोंडायची सोय खेळातच असते, ती लावली. दोन, सेटिंगमधल्या त्या दोन चौकटी अशा तिरक्या ठेवल्या की फक्त कोपऱ्याला कोपरा लागतो. मुद्दाम नेम धरल्याशिवाय बाण पलीकडे जात नाही. यांचे मध्यावर जुळवलेले उंबरे त्यात वाया गेले. तीन, लहान पडदा उभा केला.

हे तिसरं तुमच्यासाठी आहे. आबा, तुम्ही फोन नेहमी उभा धरता. ऋचाने किती वेळा सांगितलं, "आबा, आडवा धरा." आडव्या पडद्यावर तुम्ही मधल्या एक तृतीयांशात दिसायचात, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. कोठीच्या दाराच्या फटीतून बघताय असं वाटायचं. जुन्या मॉनिटरचा मूळ पाय वळत नव्हता, पण पाठीला चौकोनात चार स्क्रूंची भोकं होती, मधलं अंतर दहा-दहा सेंटिमीटर. हे जगभर ठरलेलं माप आहे, त्यामुळे बाजारातला टेबलाला पकडणारा लोखंडी हात सहज बसला. भिंतीत ठोकायला घरमालकाची परवानगी लागते, आणि या भिंती इतक्या पोकळ आहेत की ज्ञानेश्वरांना त्या चालवायला काहीच कष्ट पडले नसते. पडदा उभा फिरवला, सेटिंगमध्ये 'पोर्ट्रेट' केलं आणि चाचणीला तुमचा दिवाळीतला व्हिडिओ लावला. टोपीपासून धोतरापर्यंत आबा पूर्ण! पट्टे गायब. आमची शेजारीण आली होती, ती चित्राला वाकून "हॅलो" म्हणाली.

एक तोटा आहे. जुना पडदा स्वस्त जातीचा. आडवा असताना तो खालून पाहिला की काळपट आणि वरून पाहिला की फिका दिसायचा. उभा केल्यावर तेच दोष डाव्या-उजव्या बाजूला आले. त्यामुळे मी स्वयंपाकघराच्या दारातून बघते तेव्हा आबा उन्हात रापलेले दिसतात, आणि हे सोफ्यावरून बघतात तेव्हा आजारी. मागच्या आठवड्यात यांनी काळजीने तुमचं बीपी विचारलं ते त्यामुळेच. समोरून तब्येत ठणठणीत आहे.

इतक्या खटाटोपातून मी काढलेला निष्कर्ष असा, की या दोघांना सारखं करायचा नाद सोडला तेव्हाच दोघं कामाला लागले. रंग जुळेना, वेग जुळेना, उंची जुळेना. जुळवत होतो तोवर चहा सांडत होता. आता मोठ्यावर चेंडू आणि हत्ती, लहानावर गृहपाठ, गाडीचं वेळापत्रक आणि आजी-आबा. ऋचाच्या मूळ ठरावातलं 'अगदी तसाच' हे कलम मान्य झालं असतं, तर दोन्ही पडदे आडवेच राहिले असते आणि आबा अजून फटीतच असते. म्हणजे निकष लावणारं सरकार कधीकधी चुकून बरोबर निघतं. पण हे आबांना पटणार नाही, म्हणून वाद घालत नाही.

आई, तुमच्यासाठी एक. ऋचाकडे 'राजी' नावाचा आणखी एक खेळ आहे, पुण्यातल्या लोकांनी बनवून २०२० साली आणलेला. त्यात एक डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी हरवलेल्या भावाला शोधत राक्षसांशी लढते आणि दुर्गामाता तिला शस्त्र देते. पुढच्या कॉलला ती तो तुम्हाला दाखवणार आहे. "मुलीच्या जातीला कसले खेळ" हे वाक्य तेवढं राक्षस मरेपर्यंत राखून ठेवावं.

फोन उभाच धरावा. चार्जर लावून बसावं. आपल्यात सध्या साडेतीन तासांचं अंतर आहे, तेव्हा आमची दुपार ही तुमची दिवेलागण. बागेतून आल्यावर निवांत बोलता येईल. उंदरांची गोष्ट जिथे तुटली तिथूनच पुढे सांगावी, ऋचा खरंच विचारते आहे. येणाऱ्या कुणाबरोबर गोडा मसाला आणि शेवग्याची पावडर पाठवावी. बाकी सर्व क्षेम. आजूबाजूच्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
मेघा

ता. क. पत्र पाकिटात घालताना फ्रिजवर नवा ठराव दिसला. मागणी: तिसरा मॉनिटर, कारण "आत्याचा फोन आडवा असतो." तुमच्या चिरंजीवांनी समिती नेमली आहे. अध्यक्षपद आबांना देऊ केलं आहे, आणि अहवाल सादर करायला कुठलीही मुदत ठेवलेली नाही.